वर्ख उडू नये म्हणून

"ने."

एवढंच म्हणाला होता तो. एक अक्षर आणि त्यावर एक मात्रा. श्वास आत धरून, ओठ जेमतेम उघडून, मान वर न करता म्हटलेलं. त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात माणसं काय काय बोलून गेली. कुणी कौतुकानं, कुणी टोचून, कुणी उगाचच. ते सगळं वाळल्या खळीसारखं खपली धरून गळून पडलं. हे एक अक्षर मात्र दोराताईच्या कानात टाका घातल्यासारखं बसलं होतं. सुईत दोरा ओवताना, मेणाच्या वडीवरून तो ओढताना, कधी नुसतीच खिडकीशी उभी असताना ते मागून यायचं. ने. घेऊन जा. मला नको.

दोराताई हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तिला ते त्यानंच दिलं होतं, आणि तेही चुकून.

बाइंडिंगखान्याची खोली लांबट, एका अंगाला ओळीनं खिडक्या, खिडक्यांखाली शिलाईची टेबलं, आणि टोकाला पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. शिकंज्याच्या चाकाची मूठ माणसांच्या तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेली. खोलीभर खळीचा आंबूस वास. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी नकोसा होतो आणि दहाव्या दिवसापासून त्याच्याशिवाय भूक लागत नाही. तिथे ती फर्मे शिवायची. छापून घडी घालून आलेले पानांचे जुडगे एकावर एक लावायचे, टोच्यानं भोकं पाडायची, मेणाचा दोरा आत-बाहेर घालत सगळ्यांना एका पाठीत बांधायचं. हात चालू आणि तोंडही चालू. ओव्या तिच्या आजीच्या ओठातून तिच्या ओठात आल्या होत्या. पुढे पुढे ती आपल्याच जुळवून म्हणू लागली.

अशा त्या खोलीत एक दिवस मालकांनी एका परक्या माणसाला आणून उभं केलं. समुद्रापलीकडचा, बेटांच्या मुलखातला. पुस्तकांच्या पाठीवर सोन्याच्या वर्खानं अक्षरं उठवायची कला त्याच्या हातात होती. भाषा मात्र एका शब्दाचीही नव्हती. ज्या लिपीतली अक्षरं तो सोन्यात उठवायचा, ती त्याला वाचताही येत नसत. उलटं-सुलटं कळावं म्हणून फोरमनकाका प्रत्येक पितळी ठशाच्या डोक्यावर खडूची रेघ मारून द्यायचे. सगळे त्याला वर्खवाला म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात तो तिच्या टेबलाशी आला, बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. बोट तिच्या हाताकडे होतं. तिला वाटलं, हातातल्या वस्तूचं नाव विचारतोय. "दोरा," ती म्हणाली. त्यानं छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं, मग तिच्याकडे बोट करून आदरानं म्हणाला, "दोरा." अख्खी खोली हसली. चष्मेवाली, जी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची आणि जिच्या नजरेतून कागदाची सुरकुतीही सुटत नसे, ती म्हणाली, "बरं झालं बाई, हातात टोचा नव्हता." नाव पडलं ते पडलंच. घरी भावाच्या मुलीनंसुद्धा पुढे तिला दोराआत्याच केलं.

वर्खाची एक गंमत असते. सोनं इतकं पातळ ठोकलेलं असतं, की उजेडाकडे धरलं तर पलीकडचं हिरवट दिसतं. बोटानं धरलं तर बोटाचंच होऊन बसतं. लांब पात्याच्या सुरीवर ते झेलायचं, केसाळ पट्टी गालावरून फिरवून तिला किंचित तेलकट करायची आणि तिनं हलकेच उचलून चामड्यावर ठेवायचं. तेवढा वेळ वर्खवाला श्वास घेत नसे आणि आसपासच्यांनी सोडायचा नसे. फोरमनकाकांनी त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर खडूनं लिहिलं होतं: इथे 'ह' बंद. कारण 'ह' हे अक्षर नव्हेच, ती फुंकर. हसू नका, हाक मारू नका, हुंकार देऊ नका. हो म्हणायचं असेल तर मान हलवा. एकदा मालकांनीच लांबून "हं, झालं का?" विचारलं आणि पानभर सोनं खिडकीतून बाहेर गेलं. त्यानंतर मालकही मानेनंच बोलू लागले.

त्यामुळे वर्खवाला 'हो' शिकलाच नाही. 'बरं' शिकला, 'चालेल' शिकला, 'बघू' तर सगळ्यांआधी शिकला. आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोर बसून एकेक शब्द गोळा करायचा. त्याची एक चूक कधी सुधारली नाही. आपल्या भाषेत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की तो आत येतो, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. तिच्या समोर बसून, तिलाच विचारायचा, "आम्ही जेवू?" ती म्हणायची, जेवा की, मी कुठे अडवलंय. तो गोंधळून तिच्याकडे बघायचा. आणि ती आतल्या आत विरघळायची.

मग तिनं ती वही केली. वाया गेलेल्या कागदांच्या कडा जमवल्या. कुठे पिवळसर, कुठे निळी झाक असलेल्या, एक तर नकाशाचा तुकडा. प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली शब्द. सुई. मेण. पाणी. छत्री. खिडकी. तळहाताएवढी वही, पण शिलाई अशी, की शंभर वर्षं सुटायची नाही. शेवटच्या पानावर चित्र नव्हतं, कारण त्या शब्दाचं चित्र निघत नाही. नुसतं लिहिलं होतं: आपण.

त्याचं बाइंडिंगखान्यातलं काम संपत आलं होतं. दोन रस्ते सोडून त्यानं स्वतःचं छोटं दुकान घेतलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी ती वही घेऊन त्याच्या टेबलाशी गेली. आपल्याकडे मनातलं थेट कोण म्हणतं? ती वही पुढे धरून म्हणाली, "इथे ठेवू का?" आवाज कापला, तो तिचा तिलाच ऐकू आला. खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या. तो एका जाड ग्रंथावर वाकलेला, सुरीवर सोनं. आणि तो म्हणाला, "ने."

न्यायची म्हणून तिनं ती नेली.

चष्मेवालीनं त्या दिवशी सुईतला दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "मेल्याची जीभ आहे की सुरी?" तेवढ्यावर तो विषय खोलीनं मिटवला. दुसऱ्या दिवशी दोराताई आजारी म्हणून घरी राहिली, आणि त्यानंतर दोन रस्ते सोडून असलेला तो रस्ता तिनं पायाखाली घेतला नाही. दीड वर्षानं त्याचं लग्न झाल्याचं कळलं, त्याच्याच मुलखातल्या बाईशी. सहा वर्षांपूर्वी ती वारल्याचंही कळलं. तेव्हा मात्र दोराताई भेटायला म्हणून निघाली होती. कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून त्याच्या दुकानाची पाटी दिसत होती. ती चपलेत खडा गेल्यासारखी थांबली आणि परत फिरली. नसलेल्या खड्यानं माणूस जितकं लंगडतं तितकं असलेल्यानं नाही.

तिनं लग्न केलं नाही. पण त्याचं खापर त्या एका अक्षरावर फोडण्याइतकी ती भोळी नव्हती. भावाचं घर होतं, त्याची आईविना वाढलेली मुलगी होती, हातात कसब होतं, ओठात ओव्या होत्या. आयुष्य काही पुठ्ठ्यासारखं कोरं राहिलं नाही. फक्त फर्मे शिवताना कधीतरी ती गुणगुणायची:

पान पानाशी शिविते, दोरा मेणातून ओढिते,
एका शब्दाची ग गाठ, साऱ्या जन्माला पुरते.

ती पुतणी आता भाषा शिकून भाषा शिकवत होती. लहानपणी तिच्या फ्रॉकच्या खिशात खडे सापडायचे, आता चिठ्ठ्या सापडत. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द. तिचा छंद असा, की दोन लांब लांबच्या भाषांत एकच शब्द सापडला, की त्याच्या मागे लागायचं. बहुतेकदा त्यांचं नातं निघे; कुणीतरी कुणाकडून उसना घेतलेला असे. पण काही शब्द असे, की तोंडावळा हुबेहूब आणि नात्याचा पत्ताच नाही. त्यांना ती तोतये म्हणायची. त्याच तोतयांचं तिनं पुस्तक केलं होतं, आणि ते शिवायला आत्याशिवाय कुणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती. दोनशे प्रती साध्या. एक मात्र चामड्यात, पाठीवर सोन्याची अक्षरं; ती तिच्या म्हाताऱ्या गुरुजींना द्यायची होती.

"यंत्राचा सोनेरी कागद नको हं आत्या," तिनं बजावलं होतं. "खरा वर्ख. गुरुजींना ओळखू येतो."

खरा वर्ख आता गावात एकाच दुकानात होत होता. दोराताईनं पहिला फर्मा पुढे ओढला.

फर्मे लावताना ती कधी मजकूर वाचत नसे. वाचत बसलं तर पुस्तकं शिवून कधी व्हायची? ती फक्त पानाचे आकडे बघायची. पण त्या सकाळी सातव्या फर्म्याच्या मधल्या घडीत, जिथून सुई बाहेर काढायची नेमकी तिथेच, ठळक टायपात एक अक्षर बसलेलं होतं. ने.

सुई तिथेच राहिली. तिनं चष्मा पुसला. वाचलं. परत वाचलं. मग पुतणी, जी खिडकीशी बसून मुखपृष्ठाचे नमुने चाळत होती, तिला तिनं हाक मारली आणि हे काय लिहिलंयस म्हणून विचारलं.

पुतणीला विचारायचाच अवकाश. ती टेबलावर बसून पाय हलवत सांगू लागली, की आपल्या 'ने'चं कुळ मोठं आहे. मूळ धातू 'नी', पुढे घेऊन जाणं. नेता त्यातलाच, कारण तो पुढे नेतो. डोळ्याला नेत्र म्हणतात, नयन म्हणतात, तेही त्यातलेच. डोळा आधी जातो, माणूस मागून. 'आण' ही 'ने'ची सख्खी बहीण. आणि लग्नाला परिणय म्हणतात ना, तोसुद्धा याच घरातला.

"लग्न?" शेजारच्या टेबलावरून चष्मेवालीनं विचारलं. "म्हणजे 'ने' म्हणणाराच नेणारा?"

पुतणी हसली आणि पुढे म्हणाली, की हे झालं आपलं. पण गंमत ही, की एका बेटांच्या देशात 'ने' म्हणजे होकार. तिथून हजारो कोस पूर्वेला आणखी एक भाषा आहे, तिच्यातही 'ने' म्हणजे होकारच. आणि या तिन्ही शब्दांना एकमेकांची ओळखदेख नाही. तिघांच्या आया वेगळ्या. आणखी कुठे कुठे तोच 'ने' नकारही होतो. एकच अक्षर बापडं. कुणाच्या घरी कशासाठी उभं राहील, नेम नाही.

"बेटांच्या देशात म्हणजे कुठल्या?" दोराताईनं विचारलं.

पुतणीनं नाव सांगितलं. दोराताईला ते ठाऊक होतं. वर्खवाल्याच्या पेटीवर तेच रंगवलेलं असायचं.

त्या खोलीत त्याची भाषा कधी कुणी ऐकलीच नव्हती. तो बोलणार कुणाशी? मान हलवायची, 'बरं' म्हणायचं, 'बघू' म्हणायचं. आणि त्या दिवशी सुरीवर सोनं होतं. मान हलवली असती तर हात हलला असता. 'हो' म्हटलं असतं तर वर्ख उडाला असता. मग माणूस काय म्हणेल? तिनं हात तोंडासमोर धरला आणि हळूच म्हणून पाहिलं: हो. तळव्यावर ऊब आली. ने. काही आलं नाही. तळहाताला कळलंसुद्धा नाही कुणी काही बोललं ते.

"आत्या, हातात सुई आहे," पुतणी म्हणाली.

त्या दिवशी सातवा फर्मा तसाच राहिला.

पुढचे तीन दिवस दोराताईनं स्वतःशी वाद घातला. कदाचित तो खरंच 'ने' म्हणाला असेल, आपल्याच भाषेत. शब्द शिकला होता तो. तिनंच शिकवले होते. विचारायला गेलं आणि त्याला काही आठवतच नसलं तर? 'कुठली वही?' असं त्यानं म्हटलं, तर ही एकतीस वर्षं कुठल्या कपाटात ठेवायची? दुःख जुनं झालं की घरच्यासारखं होतं. त्याची जागा ठरलेली, त्याचा आवाज ठरलेला. ते उठवून बसवायचं म्हणजे परत सगळं घर हलवणं. पण दुसऱ्या बाजूनं असंही वाटे, की तो होकार असला, तर तो अजून त्या टेबलावर पडून आहे आणि आपण तो उचललाच नाही.

चष्मेवालीला तिनं काही सांगितलं नव्हतं. पण चष्मेवालीला सांगावं लागत नसे. चौथ्या दिवशी ती चामड्याची शिवून तयार झालेली प्रत पुढे सरकवून म्हणाली, "ही मी घेऊन जाऊ का वर्खवाल्याकडे? माझ्या पायात काही खडा नाही."

दोराताईनं प्रत आपल्याकडे ओढून घेतली. कोपऱ्यावरचं ते परत फिरणं हिनं सहा वर्षं पोटात ठेवलं होतं तर.

"मीच जाते," ती म्हणाली.

घरी जाऊन तिनं कपाटाच्या तळातून वही काढली. तिची शिलाई जराही हलली नव्हती. जाताना वाटेत ओठांवर आपोआप ओवी आली, आणि ती जुनी नव्हती:

गाठ म्हणू की ग फास, दात लावून पाहिली,
जिला तोडायला गेले, तीच सुटून राहिली.

दुकान दोन पायऱ्या उतरून होतं. आत एक टेबल, पितळी ठशांचे खण, ते तापवायची छोटी शेगडी, आणि पंखा नाही. वर्खवाल्याच्या दुकानात पंखा कसा असेल? टेबलामागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं: इथे 'ह' बंद. अक्षर फोरमनकाकांचं नव्हतं. त्यांच्यासारखं काढायचा प्रयत्न होता.

तो म्हातारा झाला होता. केस पांढरे, पण उजव्या गालावर, जिथे तो पट्टी फिरवायचा, तिथे सोन्याचा एक कण चमकत होता. त्यानं वर पाहिलं आणि उठून उभा राहिला. मग खुर्ची पुढे केली. मग तीच खुर्ची पुसून परत पुढे केली.

"बस, दोरा," तो म्हणाला.

आता तो भाषा सराईतपणे बोलत होता. लिंगं मात्र अजून चुकत होती. पुस्तकाला 'ती' म्हणाला आणि पाठीला 'तो'. तिनं कामाचं सांगितलं. पाठीवर एकच शब्द: तोतये. त्यानं विचारलं, या शब्दाचा अर्थ काय, कारण तो त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. ती म्हणाली, एकाच्या तोंडावळ्याचा दुसरा. मग तिनं पुस्तक उघडून सातव्या फर्म्याचं ते पान त्याच्यापुढे धरलं.

त्यानं वाचायला वेळ घेतला. पण तो वाचत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. नजर ओळीवरून पुढे सरकतच नव्हती.

"हे मला माहीत आहे," तो अखेर म्हणाला.

कधीपासून, असं तिनं विचारलं. तो सांगू लागला, थांबत थांबत. त्या दिवशी त्यानं अक्षर पुरं करून मान वर केली, तर टेबलावर वही नव्हती. त्यानं टेबलाखाली पाहिलं. चामड्यांच्या ढिगात पाहिलं. मग ती तिच्या पिशवीतून डोकावताना दिसली. त्याला वाटलं, तिनं विचारलं, आपण होकार दिला आणि तिचं मन बदललं. परक्या माणसानं कुणाला जाब विचारावा? तो गप्प बसला. पुढे दोन वर्षांनी दुकानात एक बाई पुस्तक न्यायला आल्या. त्यांची लहान मुलगी पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाली, आई, इथे ठेवू का? आणि आई म्हणाली, अगं ने, ने, घरी ने. मुलीनं पुस्तक उचललं आणि चालू पडली.

"मी त्या दिवशी दुकान बंद केला," तो म्हणाला. "दुपारीच."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"घरात सहा महिन्यांची नवरी होती, दोरा. काय सांगू? सांगून तिला कुठे ठेवू?"

हे तिला पटलं. पटलं म्हणूनच राग आला. मग बायको गेल्यावर, असं तिनं विचारलं, सहा वर्षं? त्यानं ठशांचा एक उघडा खण आत ढकलला. म्हणाला, की तेव्हा भीती वाटली. तिनं एवढी वर्षं त्याच्यावरचा राग जपून वापरला असेल. तो काढून घ्यायचा आणि बदल्यात काय द्यायचं, एक म्हातारा?

"म्हणजे एकोणतीस वर्षं तुला ठाऊक होतं," ती म्हणाली, "आणि मी मूर्खासारखी एकटीच ते अक्षर घेऊन बसले होते. तुझं होतं ना ते? तुझं होतं तर येऊन घेऊन जायचंस."

रागाच्या भरात ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि दोघांनी जाऊ दिलं. तिनं पुस्तक पिशवीत घालायला घेतलं. तो म्हणाला, काम तरी होऊ दे, गुरुजी वाट बघत असतील. ती उभीच राहिली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, की आणखी एक आहे. दोरा हे तिचं नाव नाही, हे त्याला तिसऱ्याच दिवशी फोरमनकाकांनी सांगितलं होतं. तरी त्यानं ते सोडलं नाही.

"का?"

"आमच्यात दोरा म्हणजे भेटी. कुणी कुणाला देतं त्या. सगळ्या भेटींना मिळून एक शब्द, दोरा." तो किंचित हसला. "पोरीला सांग, हा तोतया तिच्या पुस्तकात राहिला."

ती बसली. खुर्चीवर नाही, टेबलासमोरच्या स्टुलावर, जिथून काम नीट दिसतं. आपण का बसलो, हे तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, शिलाई माझी आहे, पाठ कशी होते ते बघायला नको?

त्यानं पाठीवर अंड्याच्या पांढऱ्याचा हात दिला, तो सुकू दिला. ठसे शेगडीवर तापत ठेवले. आता खडूच्या रेघांची गरज नव्हती. वर्खाची पुडी उघडली, सुरीवर पान घेतलं, त्याचे बारके तुकडे केले. पट्टी गालावरून फिरवली. श्वास आत घेतला. पहिला तुकडा चामड्यावर बसला, ठसा टेकला, उचलला. तो. मग त. तिचाही श्वास तिच्या नकळत थांबला होता. हात विसरतात, फुप्फुसं विसरत नाहीत. दुकानात शेगडीच्या बारीक चुरचुरीखेरीज आवाज नव्हता.

तिसऱ्या अक्षरासाठी सोन्याचा तुकडा सुरीवर थरथरत होता, तेव्हा तिनं पिशवीतून वही काढली. तळहाताएवढी, कडांचे रंग वेगवेगळे. शेवटचं पान वर येईल अशी उघडली. आवाज कापला नाही.

"इथे ठेवू का?"

त्याची नजर सुरीवरून वहीवर आली. त्या एकाच शब्दावर ती बराच वेळ थांबली. हात स्थिर होता. तिला वाटलं, तो आता मान हलवील. किंवा तेच अक्षर म्हणेल, आणि या खेपेला ते तिला कळेल, आणि तेही पुरे होईल.

त्यानं सुरी खाली ठेवली नाही. तोंड उघडलं, आणि छातीत एकतीस वर्षं धरलेला सगळा श्वास सोडून म्हणाला, "हो."

वर्ख उडाला. शेगडीच्या उबेवर एकदा वर चढला, वळला आणि तिच्या बाहीवर येऊन चिकटला. पाठीवर 'तो' आणि 'त' चमकत होते. 'ये'ची जागा अजून कोरी होती. त्यानं सोन्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो," तो पुन्हा म्हणाला. "त्या दिवशीही हो. आपण... आपण त्या दिवशीही हो म्हणालो होतो."

या खेपेला तो शब्द चुकला नव्हता.